सालूदच्या गळ्यात पदक कोण घालणार

पुंता मालुनाय,
२२ एप्रिल १९९७

प्रिय इंदाय देल्फिना,

पोरी, हे पत्र तुझ्या औषधांच्या दुकानात उभ्यानं वाचू नकोस. बस. तुझ्या आईला पदक मिळणार आहे.

चार दिवस मला झोप नाही, आणि या वेळी दोष वयाचा नाही. गेल्या महिन्यात कापितान ओनोफ्रेनं चर्चच्या दारावर कागद लावला: 'गावासाठी झटणाऱ्या पुढाऱ्यांचा व स्वयंसेवकांचा जाहीर सत्कार'. गावचा प्रमुख झाला म्हणून त्याला कापितान म्हणायचं, नाहीतर चौथीत दोनदा बसलेला माझाच विद्यार्थी तो. खाली अकरा नावं. पहिलं त्याच्या बायकोचं, गावसफाईच्या नेतृत्वाबद्दल. ते नेतृत्व मी डोळ्यांनी पाहिलं आहे. कचरा कुठे पडलाय ते बाई हातातल्या पंख्यानं दाखवत होत्या. दुसरं नाव त्याच्या मेव्हण्याचं. त्यानं बास्केटबॉलची एक रिंग दिली, ती पहिल्या दिवसापासून वाकडी आहे. तिसरं मेयरचं. म्हणजे सत्कार करणारे तेच आणि करून घेणारेही तेच. अकराही नावं वाचून मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली. तुझ्या आईचं नाव नव्हतं.

अकरा वर्षं ही बाई, जिथे मासे धरायचे नाहीत त्या राखीव पाण्याची राखण करते. सुरुंग लावून मासे मारणाऱ्यांवर ओरडून ओरडून तिचा आवाज कोंबड्यासारखा झाला. एक सेंतावो कधी घेतला नाही. आज गावाच्या जाळ्यात हातभर लांबीचे मासे येतात ते काय मेव्हण्याच्या रिंगमधून पडतात?

मी थेट ओनोफ्रेच्या घरी गेले. तो पान्सितच्या शेवया खात होता. मी बसले नाही. विद्यार्थी कितीही मोठा झाला तरी मी समोर उभी असताना त्याला घास गिळता येत नाही. तो म्हणाला, सालूद कुठल्याच समितीवर नाही. मी म्हटलं, मासेही नाहीत, तरी तू खातोसच. बारावं नाव तिथेच लिहून घेतलं.

मग वेळ. त्यानं सकाळचे नऊ लिहिले होते. नऊ म्हणजे मेयर अकराला येणार आणि तोवर म्हाताऱ्या माणसांची सुकी मासळी होणार. मी शिकले त्या कॉन्व्हेंटमध्ये घंटेचा शेवटचा ठोका पडला की सिस्टर दार लावून घ्यायच्या, मग बिशप आला तरी बाहेर. मी दुपारचे तीन मागितले. तीन म्हणजे तीन. दोन बैठका लागल्या, पण मिळवले. शनिवार, २४ मे, दुपारी तीन, गावचा चौक.

आता मुद्द्याचं. आपल्याकडे पदक पाहुणा घालत नाही, आपलं माणूस घालतं, हे तुला सांगायला नको. ज्याचा सत्कार, त्याच्याबरोबर घरचं कुणीतरी मंचावर चढतं. ज्याला कुणीच नसतं त्याला मेयर घालतो, आणि मग सगळा गाव जिभेनं चुकचुक करतो. तुझ्या आईला तुझ्याशिवाय कोण आहे? परवा ती डोळ्यांत पाणी आणून मला म्हणाली, माएस्त्रा, मला दुसरं काही नको, सगळ्या गावासमोर माझ्या लेकीनं ते माझ्या गळ्यात घालावं.

सात वर्षांत तू गावात पाऊल टाकलं नाहीस. नाताळला औषधांचं पार्सल येतं. त्याबद्दल मी काही बोलत नाही. ये.

तुझी,
सोलेदाद गुंबान


सेबू,
३० एप्रिल १९९७

आदरणीय माएस्त्रा,

तुमचं पत्र बसूनच वाचलं.

माझ्या नानायचं नाव तुम्ही यादीत घालायला लावलंत, याचा मला मनापासून आनंद झाला. ओनोफ्रेचा अडकलेला घास डोळ्यांपुढे येऊन काउंटरवर एकटीच हसले. गिऱ्हाइकानं खोकल्याचं औषध मागितलं होतं, तो घाबरला.

पण नानायच्या डोळ्यांत पाणी? बाबा गेले त्या दिवशीही नव्हतं. निबंधात पात्राच्या तोंडी लेखकाची भाषा घालू नये, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत. 'सगळ्या गावासमोर' हे नानायचं वाक्य नाही. ती फार तर 'बघू' म्हणाली असेल.

माएस्त्रा, मी येणार नाही. कारण तुम्हाला ठाऊक आहे, कारण तुम्ही तिथे होतात. मार्च १९८६. हायस्कूलचा शेवटचा दिवस, मी पहिली आलेली. माझ्या वर्गातल्या प्रत्येकीबरोबर कुणी ना कुणी चढलं. आई, बाप, आजी. एकीबरोबर तर शेजारीण चढली. माझं नाव पुकारलं, बँड सुरू झाला आणि मी एकटी पायऱ्या चढले. मंचाच्या मध्यावर उभी राहिले. तेव्हाचे मेयर खुर्चीतून उठायला लागले आणि खाली ती चुकचुक सुरू झाली. तेवढ्यात तुम्ही मागून आलात, त्यांच्या हातातून पदक जवळजवळ ओढून घेतलंत आणि माझ्या गळ्यात घातलंत. कानात म्हणालात, पाठ ताठ. मी ताठ ठेवली. अजून ठेवते.

नानाय समुद्रावर होती. तेव्हा पाण्यातलं राखणीचं मचाण नव्हतं, बांबूचा तराफा होता. संध्याकाळी घरी आली, भात टाकला, आणि विचारलं, "झालं?" मी म्हटलं, "झालं." या विषयावर आम्हा दोघींचं एवढंच बोलणं झालं.

तिनं जे दिलं ते गावाला दिलं. मग गावानंच पदक घालावं. किंवा तुम्ही घाला. तुम्हाला सवय आहे.

तुमची विद्यार्थिनी,
देल्फिना


पुंता मालुनाय,
६ मे १९९७

इंदाय,

बरं. डोळ्यांतलं पाणी माझं होतं. वाक्यही माझं. कॉन्व्हेंटमध्ये याला पाप म्हणायचे. अडुसष्टाव्या वर्षी मी त्याला शेजारधर्म म्हणते.

जे घडलं ते आता शब्दाला शब्द लिहिते, म्हणजे तुझं समाधान होईल. मी गेले तेव्हा सालूद दारात बसून एक जुनं जाळं सांधत होती. मी पदकाचं सांगितलं. ती म्हणाली, "कशाला?" मग मी दिवस आणि वेळ सांगितली. त्यावर तिनं सुई खाली ठेवली आणि विचारलं, "तीनलाच ना, माएस्त्रा? नक्की?" मी म्हटलं, सिस्टरांच्या घड्याळानं तीन. सगळा गाव असेल का, विचारलं. मी म्हटलं, लंगडं कुत्रंसुद्धा. आणि मग तुझी आई हसली. तिचे दात मी किती वर्षांनी पाहिले! बाई मनातून सुखावली, दुसरं काय.

पण स्वभाव जातो कुठे. समितीनं सगळ्यांना एक फॉर्म दिला. नाव, सेवेची वर्षं, आणि पदक घालण्यासाठी बरोबर कोण येणार. कापितानच्या बायकोनं त्या रकान्यात नऊ नावं लिहिली. तुझ्या आईनं काय लिहिलं ते तूच बघ, फॉर्मच पाठवते आहे. पेन्सिलीनं लिहिलंय: 'ओहोटी बघून सांगते.' याला काय म्हणायचं? मी लेकीचं नाव विचारते आणि ही मला हवापाण्याचं सांगते. ओनोफ्रेनं तो फॉर्म पाहून लगेच मेयरचं नाव लिहायला घेतलं. मी फॉर्म त्याच्या पेनाखालून ओढला, म्हणून कोपरा फाटलाय.

कापडी फलक लागला आहे. मेयरच्या नावाचं एकेक अक्षर माझ्या हाताएवढं, आणि सत्कारमूर्तींची नावं मुगाच्या दाण्यांएवढी. बाजारात मासेवाली मला म्हणाली, सालूदबाईची मुलगी आता सेबूची मोठी बाई, तिला मासळीचा वास सोसायचा नाही. मी तिला म्हटलं, तुझी मासळी तीन दिवसांची आहे, तो वास कुणालाच सोसायचा नाही. पण घरी आल्यावर मला वाईट वाटलं, कारण उत्तर दिलं तरी ते तुझ्या बाजूचं नव्हतं.

तू लिहितेस, मी घालावं. मी घातलं एकदा. त्या दिवशी मी तुझ्या आईची जागा धरून ठेवली होती, बसमध्ये रुमाल टाकून धरतात तशी. ती कायमची माझ्या नावावर करू नकोस.

सोलेदाद


सेबू,
१२ मे १९९७

आदरणीय माएस्त्रा,

फॉर्म मिळाला. त्यावरचं वाक्य टाळाटाळीचं नाही. नानायनं तुम्हाला अगदी सरळ उत्तर दिलं आहे.

आमच्या घरात घड्याळ नव्हतं, आठवतं? नानायचं घड्याळ म्हणजे पाणी. तेव्हा मी जेवणाच्या सुट्टीत बंदराच्या कचेरीत गेले आणि भिंतीवरचा भरती-ओहोटीचा तक्ता पाहिला. तिथल्या कारकुनानं विचारलं, तुमची बोट कुठली. मी म्हटलं, बोट नाही, आई आहे.

२४ मे. सगळ्यांत खाली पाणी: दुपारी तीन वाजून बारा मिनिटं. मे महिन्यातली सगळ्यांत मोठी ओहोटी.

त्या वेळी राखीव पाण्यातला खडक उघडा पडतो. मासे मधल्या डबक्यांत अडकतात. सुरुंगही नको, टोपलीनं भरून न्यावेत. आणि बरोबर त्याच वेळी गावातला प्रत्येक माणूस, लंगड्या कुत्र्यासकट, चौकात बँडकडे तोंड आणि समुद्राकडे पाठ करून बसलेला. माएस्त्रा, पलीकडच्या गावातल्या चोरांनी अर्ज करून वेळ मागितली असती तरी याहून चांगली मिळाली नसती.

नानाय येणार नाही. पदकासाठी नाही, मेयरसाठी नाही, पोपसाठी नाही. आणि मी आले तर काय होईल ते मला आत्ता दिसतंय. तोच मंच, तोच बँड. तेव्हा गळा होता आणि हात नव्हते. या वेळी हात असतील आणि गळा नसेल. खाली तीच चुकचुक. एकदा झालं तेवढं पुरे.

वेळ बदलता आली तर बदला. माझ्यासाठी नाही, माशांसाठी.

देल्फिना


पुंता मालुनाय,
१६ मे १९९७

इंदाय,

तुझं पत्र वाचून मी मोठमोठ्यानं स्वतःलाच रागावले. शेजारीण काळजीनं डोकावून गेली.

जन्मभर समुद्राकाठी राहिले आणि घड्याळ सिस्टरांचं वापरलं! मी उठले आणि ओनोफ्रेकडे गेले. म्हटलं, वेळ बदल, चूक माझी आहे. हे वाक्य ऐकायला तो चौथीपासून थांबला होता, त्यामुळे आधी त्यानं ते मला दोनदा म्हणायला लावलं. मग म्हणाला, माएस्त्रा, आता कसं होणार? 'तीन वाजता' हे मेयरच्या वहीत गेलं, कापडावर रंगवलं, डुकरं सांगून झाली, बँड सांगून झाला, आणि दवंडी पलीकडच्या गावापर्यंत पोचली. माझ्याच हट्टानं मी अडकले. मग मी सालूदकडे गेले. तिला म्हटलं, मी मेयरच्या घरी जाऊन बसते, वेळ बदलूनच उठेन. ती जाळं सांधतच होती. ते आता अंगणभर झालंय. ती म्हणाली, "नको. वेळ बदलू नका." आणि पुढची गाठ मारली. मला तुझ्या आईचं कधी काही कळलेलं नाही.

पण एक गोष्ट कळलेली आहे, आणि ती मी तुझ्यापासून अकरा वर्षं लपवली. तिनं शपथ घातली होती. मी ती आज मोडते आहे आणि मला जराही पश्चात्ताप नाही.

त्या दिवशी, १९८६ च्या मार्चमध्ये, तू घरी गेल्यानंतर मी मंचावरची फुलं गोळा करत होते. साडेपाच झाले असतील. सालूद आली. कमरेपर्यंत ओली, पाय खडकानं कापलेले. तिनं विचारलं, माझी पोर कुठे उभी होती. मी जागा दाखवली. ती पायऱ्या चढली आणि बरोबर तिथेच उभी राहिली. समोर नुसत्या रिकाम्या खुर्च्या. तिनं विचारलं, इथून कोण कोण दिसतं. मी म्हटलं, सगळे. मग ती म्हणाली, "म्हणजे मी नव्हते, हेही तिला दिसलं."

तुझ्या बाबांच्या हातात सुरुंगाची बाटली फुटून तेव्हा वर्षही झालं नव्हतं. त्या दुपारी तशाच बाटल्या घेतलेल्या दोन होड्या आल्या होत्या आणि ती छातीएवढ्या पाण्यात त्यांच्या वाटेत उभी राहिली. फेकायच्या तर माझ्यावर फेका, म्हणाली. होड्या परत फिरल्या, पण पाणी भरेपर्यंत ती तिथून हलली नाही. त्यांतल्या एकीत तुझ्याच वर्गातल्या मुलीचा बाप होता. तो घरी गेला, शर्ट बदलला आणि लेकीला पदक घालायला वेळेवर पोचला. दोन्ही हात शाबूत होते त्याचे. मी त्याला मंचावर पाहिलं, तू पाहिलंस. तो कुणामुळे तिथे उभा होता ते आपल्या दोघींनाही माहीत नव्हतं.

मी सालूदला म्हटलं, हे देल्फिनाला सांग. ती म्हणाली, आले पण उशिरा आले, हे सांगण्यापेक्षा आलेच नाही हे बरं. आणि मला गप्प राहायला लावलं. मी आयुष्यात इतका वेळ दुसऱ्या कशाबद्दल गप्प राहिलेली नाही, हे तुला सांगायला नको.

आता तुला जे करायचं ते कर.

सोलेदाद


सेबू,
२० मे १९९७

आदरणीय माएस्त्रा,

टपालावर विसंबत नाही, ओळखीच्या खलाशाबरोबर पाठवते आहे.

चोवीसच्या सकाळच्या बोटीनं येते. परतीचं जहाज संध्याकाळी साडेसहाचं, कारण रविवारी दुकान माझ्यावर आहे.

वेळ बदलू नका. नानायनं 'तीनलाच ना? नक्की?' असं का विचारलं आणि अंगणभर जाळं कशासाठी सांधलं, ते तुमच्या पत्रावरून माझ्या लक्षात आलं. पलीकडच्या गावापर्यंत दवंडी गेली हे ऐकून ती मनात नाचली असेल.

मी येते हे तिला सांगू नका. आणि ओनोफ्रेला तर मुळीच नाही.

देल्फिना


चौकातून,
२४ मे, दुपारी पावणेपाच

इंदाय,

ही चिठ्ठी ढोलवाल्याबरोबर मचाणावर पाठवते आहे. तो म्हणतो तू वर आहेस. माझ्या गुडघ्याला खडकावरून चालता येत नाही आणि मला इथे सहा हकिगती सांगून झाल्या आहेत. दोहोंत तू बुडाली आहेस. एकीत मेयर.

माझ्या बाजूचं मी सांगते, कारण तू मागे वळून पाहिलं नाहीस.

कार्यक्रम तीनच्या ठोक्याला सुरू झाला. मेयर पावणेतीनलाच हजर होते, त्यांना कुणीतरी माझ्याबद्दल सांगितलं असावं. माइक माझ्याकडे होता. अकरा जणांची पदकं बावीस मिनिटांत उरकली. कापितानच्या बायकोबरोबर नऊ माणसं चढली आणि मंच करकरला. मग मी 'सालूद गारिबाय' म्हटलं. खुर्ची रिकामी. तू उठलीस. सगळा चौक माना वळवून बघायला लागला. तुला अर्ध्या लोकांनी ओळखलंच नाही. तू एकटी चढलीस. पाठ ताठ होती, मी पाहिली. ओनोफ्रेनं पदक तुझ्या हातात दिलं आणि त्याला पुढे काय करायचं ते सुचेना. चुकचुक सुरू झाली. मेयर खुर्चीतून उठायला लागले. हे मेयर वेगळे, पण उठायची घाई तीच. तू लोकांच्या डोक्यांवरून समुद्राकडे पाहिलंस, पदक मुठीत धरलंस आणि मंचाच्या मागच्या बाजूनं उतरून चालायला लागलीस. चालायला काय, पळायला.

आता बँडचं ऐक. गेल्या वर्षी हे लोक मार्च अर्ध्यात टाकून पान्सितकडे धावले होते. म्हणून या वेळी मी बँडमास्तरला दम दिला होता, पदक गळ्यात पडेपर्यंत वाजवायचं, एक ठोका कमी झाला तरी जेवण नाही. पदक निघालं तसा तो बिचारा उठला आणि पदकामागे निघाला. त्याच्यामागे सगळा बँड, वाजवत. मग लोकांना वाटलं मिरवणूक आहे. मग पदकवाले निघाले, गळ्यातली पदकं हातानं धरून. डुक्कर भाजणारेही निघाले. मंचावर मी आणि मेयर उरलो. त्यांनी मला विचारलं, हे कार्यक्रमात आहे का. मी म्हटलं, बारावा क्रमांक, आपण अजून इथे कसे? ते गेले.

आणि मी शंभर रिकाम्या खुर्च्यांसमोर माइक धरून बसले आहे. दूरवर बँड ऐकू येत होता, मग एकदम थांबला. म्हणजे पदक पडलं. कुणी घातलं, कसं घातलं, ती काय म्हणाली? तुझ्या जहाजाला वेळ आहे. दहा मिनिटं काढ आणि लिही. कादंबरी नको, खरं लिही.

सोलेदाद


मचाणावरून,
२४ मे, संध्याकाळी सव्वासहा

माएस्त्रा,

पेन्सिल नानायची आहे, कागद तिच्या नोंदवहीचा. अक्षर हलतंय कारण मचाण हलतंय.

मी खडकावर पोचले तेव्हा पाणी पार मागे हटलं होतं. बुटांनी पळता येईना म्हणून ते काढले. ते आता कुठे आहेत माहीत नाही. मागून बँड येतोय हे मला आधी कळलंच नाही. मला वाटलं, माझ्याच कानात वाजतंय.

राखीव पाण्यातून बाहेर पडायला ओहोटीत एकच वाट राहते, दोन खडकांमधली. नानायनं ती आपल्या जाळ्यानं बंद केली होती. आत एक होडी, तीन माणसं आणि सहा भरलेल्या टोपल्या. त्यांनी आत येताना बाई कुठेच पाहिली नव्हती, कारण मचाण रिकामं होतं. ती खडकामागे पाण्यात बसून होती. ते आत शिरल्यावर तिनं वाट बांधली आणि होडीचा नांगराचा दोर आपल्या दंडाला दोन वेढे देऊन खडकाला अडकवला. मी पोचले तेव्हा कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून ती तो दोर ओढून धरत होती. होडीतला एक जण वल्हं उगारून म्हणत होता, "म्हातारे, सोड, नाहीतर हात तुटेल." ती म्हणाली, "आमच्या घरात हात तुटायची सवय आहे."

तेवढ्यात खडकावरून बँड आला. ट्रॉम्बोनवाला गुडघाभर पाण्यात, तरी वाजवतोय. त्याच्यामागे सगळा गाव. वल्हं खाली गेलं. त्यांच्यातल्या एकानं तर डोक्यावरची टोपी काढली. मार्च लागला की उभं राहायचं, एवढंच त्याला सुचलं असावं.

नानाय मागे वळली. आधी बँडकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चेहऱ्यावर काही नाही. म्हणाली, "दोर सोडता येत नाही."

मी म्हटलं, "मान खाली कर."

तिनं केली. मी पदक घातलं. रिबिन तिच्या ओल्या केसांत अडकली, ती सोडवायला मला वेळ लागला. पदक गळ्यात पडलं आणि बँड थांबला. मग नुसतं पाणी ऐकू येत होतं. तिनं खाली पदकाकडे पाहिलं. माझ्याकडे नाही. म्हणाली, "उशीर झाला."

मी म्हटलं, "ओहोटी होती."

मग तिनं माझ्याकडे पाहिलं. तुम्ही कादंबरी नको म्हणालात म्हणून पुढचं लिहीत नाही. डोळ्यांतल्या पाण्याबद्दल तुम्ही पहिल्या पत्रात लिहिलं होतं, ते फक्त महिनाभर आधी लिहिलंत, एवढंच सांगते.

मेयर आले, पँट गुडघ्यापर्यंत वर. त्यांना नानायबरोबर फोटो हवा होता. तिनं दोराचं दुसरं टोक त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाली, धरा, सोडू नका. त्यांनी धरला. फोटोत ते खरंच काम करताना दिसतील. तिघा चोरांना घेऊन ओनोफ्रे पोलीस चौकीवर गेला. जबानी द्यायला नानायही गेली, तशीच ओली, पदक घालून. टोपल्यांतले जे मासे जिवंत होते ते मासेवाली आणि कापितानची बायको परत पाण्यात सोडत होत्या. हो, कापितानची बायको. पंखा कमरेला खोचून, दोन्ही हातांनी. हे तुम्ही पाहायला हवं होतं.

जाताना नानाय मला म्हणाली, पाणी भरेपर्यंत वर बस, दक्षिणेकडे लक्ष ठेव, एक होडी पकडली की दुसरी तेच बघून येते. मी जहाजाचं तिला सांगितलं नाही. तिनं विचारलंही नाही. तिला वाटलं असेल, मी आले म्हणजे आहे.

ढोलवाला चिठ्ठी न्यायला खाली थांबलाय. त्याला तुमची भीती वाटते, मला आता वाटत नाही.

जहाजाचा भोंगा आत्ता वाजला. इथून ते अख्खं दिसतं, दिवे लागलेले. धक्का सोडून वळतंय. रविवारी दुकान कुणीतरी उघडेल.

पाणी अजून अर्धंच भरलंय. आणि दक्षिणेकडून, पलीकडच्या टोकाला वळसा घालून, खरंच एक होडी येते आहे. दिवा लावलेला नाही. ढोलवाल्याला वर बोलावलंय. मी हात वर केला की वाजवायचं, असं ठरलंय. पत्र इथेच थांबवते, हात मोकळा हवा.

देल्फिना